हज्जियाच्या गच्चीवरची तुळस

बहारीनला जायला निघाले तेव्हा सासूबाईंनी मला एकच अट घातली. म्हणाल्या, "तिथं काय खाशील, काय नेसशील, ते बघायला मी येणार नाही. पण तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. एवढं पाळ आणि मग जा."

मी हो म्हटलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत नवऱ्याबरोबर काढलेले दिवस एकत्र केले तर चार महिनेसुद्धा भरले नसते. हे सलमाबादला एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचे, दोन वर्षांनी एकदा रजेवर यायचे. त्या वेळी सासूबाईंनी गावच्या साऱ्या वडांना रोज पाणी घाल म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. सासूबाईंनी अंगणातल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या स्वतःच्या हातानं चुरल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि पुडी माझ्या पदराच्या गाठीत घातली. विमानतळावर तिथल्या शिपायानं ती सोडायला लावली. हुंगली, बोटानं ढवळली, आणि असलं घेऊन येणारी मी काही पहिली नसावी, कारण तोंडानं "यल्ला" म्हणून त्यानं मला हातानंच पुढे काढलं.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं त्या खोलीवर अडलेलं होतं. हे सलमाबादला कामगारांच्या खोलीत राहायचे, आठ जणांत एक खाट ह्यांची. बायकोला आणायचं तर स्वतंत्र बिऱ्हाड पाहिजे, आणि घरमालकानं खोली दिली आहे असा कागद ऑफिसात दिला तरच बायकोचा व्हिसा. तो कागद दर वर्षी नवा. ह्यांनी डझनभर घरं पाहिली. कुणाला एकटे पुरुष चालत, कुणाला बँकेतले साहेब चालत, गॅरेजातल्या माणसाची बायको कुणालाच नको होती. शेवटी जिदहफ्सच्या बाजारामागे एका म्हाताऱ्या विधवा बाईनं आपल्या गच्चीवरची खोली दिली. म्हणजे ती खोली होती तोवर मी तिथं. खोली गेली की हे परत त्या खाटेवर आणि मी परत गावी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढचं वाचताना तुम्हीही ते ध्यानात ठेवा, म्हणजे मी किती मूर्खपणा केला ते कळेल.

बाईंना सगळी गल्ली हज्जिया म्हणायची. हज करून आलेल्या बाईला तिकडे असं म्हणतात. मीही तेच म्हणू लागले. उंच, सावळी, हनुवटीवर बारीकसं गोंदण, आणि चालताना चपलांचा फटफट आवाज. मुली दोन, दोघी लग्न होऊन मनामाला. नवरा होडीवर होता, मुंबईला खजूर घेऊन जायचा, परत येताना तांदूळ आणायचा. त्याच्याबरोबर ती दोनदा मुंबईला जाऊन आली होती, त्यामुळे तिला आपलं हिंदी येत होतं. माझंही हिंदी तसंच. दोघींचं मोडकं म्हणून आमचं छान जमलं. चांगलं हिंदी येणाऱ्या माणसाशी बोलायची मला तेव्हा लाज वाटायची.

पहिल्याच दिवशी तिनं वर येऊन माझं सामान पाहिलं. पाटा-वरवंट्यावर बोट ठेवून म्हणाली, "ये पत्थर हिंद से लाया? बहरीन में पत्थर मफी?" आणि हसत खाली गेली. मफी म्हणजे नाही. तिथं गेलेल्या आपल्या माणसाला हा शब्द आधी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावडरीच्या दुधाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली, सासूबाईंच्या पुडीतलं अर्धं बी पेरलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले, काही उगवेना. उरलेलं अर्धं पेरलं. तेही गेलं. ऊन असं की गच्चीवर पाऊल ठेवलं की चटका बसे, आणि नळाचं पाणी मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, तर बी कुठून उगवायचं. प्यायचं पाणी वेगळं. त्याची गाडी यायची, तिच्याकडून कॅन भरून घ्यायचा आणि दोन मजले चढवायचा. आम्ही त्याला गोडं पाणी म्हणायचो, आणि ते तुपासारखं वापरायचो.

आता अट तर घातलेली. तुळस नाही, पण तिचा डबा तर आहे. म्हणून मी रोज आंघोळ झाली की त्या नुसत्या मातीला तांब्याभर पाणी घालायची, हात जोडायची आणि मग चहा ठेवायची. हे कामावर निघता निघता बघायचे.

असा महिना गेला असेल. एका शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, हे बाजारात मासळी आणायला गेले आणि एका हातात साफी नावाची तिथली मासळी आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप घेऊन आले. "घे," म्हणाले, "तुझी तुळस. शेतकरी बसतात तिथं मिळाली."

आधी मासळी लांब ठेवायला लावली, मग रोप हातात घेतलं. पान हुंगलं. वास तुळशीचाच, पण जरा गोडुस. पान आपल्या तुळशीला लव असते तसं नाही, गुळगुळीत, पोपटी. मी म्हटलं, "अहो, हिचं पान काही वेगळं वाटतंय."

हे म्हणाले, "माणसाचा रंग बदलतो इथं, तुळशीचा बदलणार नाही?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. मी ते रोप डब्यात लावलं, आणि मचूळ पाण्यानं परत मरायला नको म्हणून त्याला गोडं पाणी घालायला सुरुवात केली. आमच्या पिण्यातला एक तांब्या रोज. ह्यांनी कॅन खांद्यावरून आणायचा आणि मी तो डब्यात ओतायचा. पण ते झाड असं फोफावलं म्हणून सांगू. चार महिन्यांत गुडघ्याएवढं आणि टोपलीसारखं गोल. गच्चीचा दरवाजा उघडला की वास आत. मी त्याच्यापुढे बोटभर रांगोळी काढायची, संध्याकाळी निरांजन लावायची. लांब गावी सासूबाई वृंदावनापाशी आणि इथं मी डब्यापाशी, अशी मला सोबत वाटायची.

दिवस बरे जात होते. सकाळी हे सहाला गाडीनं सलमाबादला. मी धुणं, भांडी, स्वयंपाक. दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. चारनंतर हज्जियाच्या अंगणात बायका जमायच्या, मला हाक यायची, "बिन्ती, नीचे आ." बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मी जाऊन बसायची. त्या अरबीत बोलायच्या, मी भाजी निवडायची. कुणी हसलं की मी हसायची. मी वर भाकऱ्या थापायला लागले की त्या आवाजाला हज्जिया खालून विचारायची, "किसको मारता?" मी म्हणायची, "आटे को." एकदा मला ताप आला तेव्हा तिनं वाळलेल्या काळ्या लिंबाचा काढा करून मला बळंच पाजला आणि ह्यांना दारातूनच दटावलं, "तुम जाओ काम पे, तुम क्या समझता."

तर अशी बाई. तिचं आणि माझं बिनसलं ते त्या झाडावरून.

झाड मोठं झालं तसं एका गुरुवारी दुपारी ती फटफट चपला वाजवत वर आली, झाडापाशी उभी राहिली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "माशाल्ला, मश्मूम." आणि मला काही कळायच्या आत तिनं शेंड्याकडून चांगली मूठभर खुडली, ओढणीच्या टोकात घेतली आणि खाली गेली.

मी बघत राहिले. पुढच्या गुरुवारी परत तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दर गुरुवारी चारच्या सुमारास मूठभर.

आता तुम्हीच सांगा. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं की तुळस नखानं खुडायची नाही, द्वादशीला तोडायची नाही, दिवस कलला की हात लावायचा नाही, आणि तोडायची तर आधी हात जोडून तिची क्षमा मागायची. इथं ही बाई पायात चपला घालून येते आणि मेथी निवडावी तशी ओरबाडून नेते. आणि नेते कशाला, तर केसात घालायला. कारण गल्लीतल्या एका लग्नात मी बायकांच्या वेण्यांत ह्याच झाडाच्या काड्या माळलेल्या पाहिल्या होत्या. साठीच्या वरची विधवा बाई दर गुरुवारी नटून जाते कुठं, असंसुद्धा माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की मान खाली जाते, पण आलं होतं हे खरं.

मी ह्यांच्याकडे कुरकुर केली. हे म्हणाले, "चार पानं नेते तर नेऊ दे. परत फुटतात ना?"

"पानं फुटतात हो. पण आईंना काय सांगू? तुमची तुळस इथं बायका केसात माळतात?"

"आईला कोण सांगतंय," हे म्हणाले. "आणि हे बघ, पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा संपतोय. कागदावर तिचा अंगठा लागणार. तेवढं होईपर्यंत तोंड उघडू नकोस."

मी तोंड उघडलं नाही. त्याहून वाईट केलं. पुढच्या गुरुवारी जेवणं झाल्यावर मी डबा उचलला आणि खोलीत आणून दारामागे, तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवला. वर जुनी चादर टाकली. चार वाजता चपला वाजल्या. हज्जिया गच्चीवर आली. डब्याच्या जागी गोल ओला डाग होता, तो बघत उभी राहिली.

"मश्मूम मफी?" तिनं विचारलं.

मी दारात उभी राहून सांगितलं, "मर गया, हज्जिया. गरमी से."

तिचा चेहरा असा उतरला की मला एकदम चोरट्यासारखं झालं. तिनं जवळ येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "मालीश, बिन्ती." असू दे, काही हरकत नाही, असं. आणि तसाच हात ठेवून ती थांबली.

तुम्हाला सांगते, त्या झाडाचा वास लपत नाही. वर पंखा गरागरा फिरत होता आणि दारामागचा सगळा वास गोळा करून दारातून बाहेर फेकत होता. मला सवय झालेली, मला तो येतसुद्धा नव्हता. तिला आला. तिनं हात काढून घेतला. खोलीत डोकावून पाहिलं नाही. ओढणी सारखी केली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी तिच्या चपला वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मला खालून हाक येईना. चारला बायका जमायच्या, त्यांचं बोलणं वर ऐकू यायचं, "बिन्ती" कुणी म्हणेना. भाकऱ्या थापल्या तरी खालून कुणी विचारेना. जिन्यात समोरासमोर आलो तर ती "सलाम" म्हणायची आणि भिंतीकडे सरकून मला वाट द्यायची. भांडली असती तर बरं झालं असतं. आपल्याकडे भांडणात दोन दिवसांत निकाल लागतो.

पुढच्या शुक्रवारी हे कागद घेऊन खाली गेले आणि कागद तसाच घेऊन वर आले. "बादेन म्हणाली." बादेन म्हणजे मग, नंतर. चार दिवसांनी परत गेले, परत बादेन. हे खाटेवर बसले, कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "तू तिला काही बोललीस का?"

मी सगळं सांगितलं. दारामागच्या डब्यासकट.

हे रागावले नाहीत. म्हणाले, "नवीन काही सामान घेऊ नकोस आता. जे आहे ते एका ट्रंकेत मावेल असं बघ." एवढंच. मग उठून कॅन घेऊन पाणी आणायला गेले. त्या दिवशी त्यांना जिना चढताना मी ऐकलं, दर पायरीला थांबत होते. खरं तर त्यांना कॅनचं ओझं कधी वाटायचं नाही.

व्हिसा संपायला अठरा दिवस उरले होते, तेव्हा मनामाजवळच्या झिंज भागात राहणाऱ्या वहिनी आल्या. मूळच्या पुण्याच्या, मिस्टर बँकेत. त्यांची गाडी एकदा ह्यांनी रस्त्यात दुरुस्त करून दिली तेव्हापासूनची ओळख. महिन्या-दोन महिन्यांतून त्या घरचं मराठी मासिक घेऊन यायच्या आणि मी त्यांना बांगड्याचं तिखलं घालायची. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काही वाचायला-लिहायला आलं ते त्या मासिकांनी.

ह्या खेपेला मात्र त्या सहा महिने पुण्याला राहून आल्या होत्या. खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, सब्जा लावलायस? काय सुरेख वास."

मी म्हटलं, "सब्जा कुठला? तुळस आहे वहिनी."

त्यांनी दारामागे वाकून पान चुरगाळलं. "छे गं. फालुद्यात घालतो ना काळं बी, ते ह्याचं. हा सब्जाच."

"इथलं पाणी वेगळं म्हणून पान गुळगुळीत झालंय."

"पाणी बदललं म्हणून आंब्याला फणस लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या कोकणात दर्ग्यावर चढवतात की सब्जा. पाहिला नाहीस कधी?"

पाहिला होता. आमच्या खाडीपलीकडच्या दर्ग्यावर उरुसाला चादरीवर हाच सब्जा घातलेला असे, आणि आमच्या घरची माणसंसुद्धा नवसाला जात. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी तो हुंगलेला होता. मग इतके महिने मला तो ओळखू कसा आला नाही? ओळखायचा नव्हता म्हणून आला नाही, दुसरं काय.

वहिनी गेल्या आणि मी त्या डब्यासमोर बसले. म्हणजे इतके महिने रोज तुळशीला पाणी घातलं म्हणून मी जेवत होते, ते घातलंच नव्हतं. आणि जी तुळस नव्हे तिच्यापायी मी आईच्या मायेच्या बाईशी खोटं बोलले, आणि आता नवऱ्याला परत आठ जणांच्या खोलीत धाडायला निघाले होते.

हे आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, ही तुळस नाही."

हे चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"विकत घेतली तेव्हापासून. त्या शेतकऱ्यानं सांगितलं होतं ना, मश्मूम म्हणून." मग म्हणाले, "रोज सकाळी तू रिकाम्या मातीला पाणी घालायचीस. ते बघून कामावर जायला जड वाटायचं."

मी त्यांना चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. चारच्या आधी मी साडी बदलली, डबा उचलून कडेवर घेतला आणि जिना उतरले. हज्जिया अंगणात विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती, काळा अबाया घालून, बाहेर जायच्या तयारीत. हात रिकामे. विहिरीशेजारी विटांनी आखलेला एक वाफा होता. मी तो रोज बघत होते, पण त्यात नुसती पांढरट माती म्हणून कधी विचारलं नव्हतं.

मी डबा तिच्यापुढे ठेवला. ती डब्याकडे बघेना.

मी म्हटलं, "हज्जिया, ये मरा नहीं. मैं झूठ बोली."

"मालूम," ती म्हणाली.

"मेरे को माफ करो."

"क्यों झूठ?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "एक मश्मूम के वास्ते? तू बोलता, हज्जिया, मत तोड़, मैं नहीं तोड़ता. मैं चोर है?"

त्या शब्दानं मला रडूच आलं. मग मी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. सासूबाई, अट, पुडी, न उगवलेलं बी. आमच्याकडे असंच एक झाड असतं, त्याला आम्ही देव मानतो, त्याला पाणी दिल्याशिवाय जेवत नाही. मला वाटलं हे तेच. आता कळलं की हे ते नव्हे.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "तू इसको सलाम करता? रोज?"

"हां."

"फिर खाना खाता?"

"हां."

"और मैं आके मुंडी काटता." तिला हसू यायला लागलं. तोंडावर ओढणी धरली तरी खांदे हलत होते. "या बिन्ती, पहले बोलने का ना. मेरे पाँव में चप्पल भी था." तिच्या हेही लक्षात आलं होतं, बघा.

मग हसू ओसरल्यावर तिनं तो पांढरा वाफा दाखवला. तिचा नवरा होता तेव्हा तिथं मश्मूम असायचा, एवढा, म्हणून तिनं हात कमरेपर्यंत नेला. त्यानंच लावलेला. तेव्हा विहीर गोडी होती. होडीवरून आला की तो आधी झाडापाशी जायचा, मग घरात यायचा, असं सांगून ती म्हणाली, "मेरे पास बाद में." तो गेल्यावर ती दर गुरुवारी ह्याच वाफ्यातल्या काड्या नेऊन त्याच्या कबरीवर ठेवायची. मग विहिरीचं पाणी खारट होत गेलं, वाफा जळाला. बाजारातला मश्मूम नेऊन बघितला. "वो बाजार का," ती म्हणाली. "घर का नहीं." आणि मग तिच्याच गच्चीवर, तिच्याच घरात, परत मश्मूम उगवला.

केसात माळायला म्हणणारी मी. मी तिला ते काही सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

"अब तू तोड़," ती म्हणाली. "मैं हाथ नहीं लगाता. तेरा सास गुस्सा करेगा."

मी पायातल्या चपला काढल्या. सब्जा तर सब्जा, पण हाताला सवय एकच होती. मी झाडाला हात जोडले, मनात क्षमा मागितली, आणि नख न लावता बोटांनी एकेक काडी खुडली. हज्जिया उभी राहून थांबली, माझं होईपर्यंत. मी तिच्या दोन्ही हातांत काड्या दिल्या. तिनं त्या नाकाशी नेल्या आणि फाटकातून बाहेर पडली.

ती येईपर्यंत मी अंगणातच बसले. परत आली तेव्हा मी तिला म्हटलं, ह्याच्या काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, मी तुला चार डबे करून देते. फक्त ह्या विहिरीचं पाणी चालायचं नाही, गोडं लागेल. ती म्हणाली, गोडं पाणी तर तिलाही कॅननंच येतं, आणि ते कॅन उचलायला ह्यांच्यासारखा माणूस तिच्याकडे नाही. मी म्हटलं, मग डबे खाली ठेवू आणि पाणी मी आमच्या कॅनमधलं घालीन. एक तांब्या वर, एक खाली. तिनं ते जरा मनात तोलून पाहिलं. मग म्हणाली, "नीचे वाले को सलाम मत करना. वो मेरा आदमी का है."

मी म्हटलं, "नहीं करती."

"थोड़ा करो," ती म्हणाली. "क्या हरज है."

हे कामावरून आले तेव्हा मी काड्या खुडत होते आणि हज्जिया त्या पाण्याच्या बरणीत लावत होती. ह्यांनी दारातूनच सगळं ओळखलं, आणि सरळ हात-पाय धुवायला गेले. हज्जियानंच हाक मारली, "कागद किदर? बादेन बादेन, कितना बादेन?" जणू बादेन म्हणणारे हेच होते.

कागद आला. शाईची डबी आली. हज्जियानं मश्मूमचा रस लागलेला हात ओढणीला पुसला न पुसला आणि अंगठा डबीवर दाबून कागदावर उठवला. निळ्या अंगठ्याच्या कडेनं एक हिरवट डाग पडला. हे घाबरले, ऑफिसात चालेल की नाही म्हणून. कागद वाळवून, घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात कागद देऊन आले तेव्हा मी दारातच उभी होते. विचारलं, "घेतला?"

"घेतला," हे म्हणाले. "क्लार्कनं नाकाला लावून पाहिला. विचारत होता, घरमालकाला अत्तर लावायची सवय आहे का."